फाटक्या चिठ्ठ्यांचा वाचक

बाराव्या शतकाच्या मध्याला मंगळुरात मुक्कामाला असलेल्या महरूझ नावाच्या एका ज्यू नाखुद्याने भडोचमध्ये अडकून पडलेल्या आपल्या मेहुण्याला पत्र धाडलं. मेहुण्याला समुद्रात चाच्यांनी लुटलं होतं. पत्रात रीतीप्रमाणे आशीर्वाद आहेत, बातमी कळल्यावर जिवाला लागलेला घोर आहे, मिळेल त्या जहाजाने इकडे निघून या असा आग्रह आहे. आणि एक रोकडी सोयही आहे: सोनं लागलं तर तिंबू नाखुद्याकडून घ्या, तो ठाण्यात असतो, त्याचा-माझा भाऊपणा तुटणारा नाही. तिंबू हे नाव ज्यू नाही, अरबही नाही. तो याच किनाऱ्यावरचा माणूस. आणि ठाणे म्हणजे आपलंच ठाणे, शिलाहारांच्या काळातलं.

हे पत्र अरबी भाषेत, पण हिब्रू लिपीत लिहिलेलं आहे. कैरोतल्या एका सिनेगॉगमध्ये ते सात शतकांहून अधिक काळ पडून होतं. ते वाचून, त्यातली माणसं कोण, कोणाचं कोणाशी नातं, कोण कुठल्या गावी होता हे जुळवून आपल्यापुढे ठेवलं ते श्लोमो डोव्ह गोइटाइन यांनी. हिब्रू आणि अरबी या दोन्ही भाषांत आयुष्य मुरलेले हे पंडित. ‘अ मेडिटरेनियन सोसायटी’ हा त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ, सूचीचा सहावा खंड वेगळा. मध्ययुगीन भूमध्य समुद्राकाठच्या समाजाचा इतिहास म्हणून विद्यापीठांत त्याचा दबदबा आहे. मला मात्र तो सतत साहित्यकृती म्हणून भेटत आला आहे, आणि तसाच तो वाचायला हवा असं माझं म्हणणं आहे. त्यातलं पांडित्य अफाट आहे. पण तो मनात राहतो तो माणसाच्या आवाजाला तिथे मिळालेल्या मानामुळे.

त्या कागदांची हकिकत थोडक्यात सांगतो. फुस्तात म्हणजे जुनं कैरो. तिथल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये बायकांच्या सज्जाच्या टोकाला एक बंद खोली होती, तिला ‘गेनिझा’ म्हणत. देवाचं नाव ज्यावर आलं तो कागद जाळायचा नाही, फेकायचा नाही, अशी ज्यूंची रीत. एरवी असे कागद पुढे पुरले जात. इथे ते पुरायचे राहून गेले आणि इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकले. देवाचं नाव नसलेलेही कितीतरी कागद त्या खोलीत गेले: पत्रं, पावत्या, लग्नाचे करार, हुंड्याच्या याद्या, कोर्टातल्या जबान्या, अनाथांना वाटलेल्या भाकरींचे हिशेब, पोरांच्या अक्षरगिरवणीची पानं. १८९६ च्या हिवाळ्यात केंब्रिजचे सॉलोमन शेख्टर तिथे पोचले आणि पुढल्या वर्षी जवळपास १,९३,००० तुकडे केंब्रिजला आले. शेख्टर यांना ओढ होती ती धर्मग्रंथांची, ‘बेन सिरा’च्या हरवलेल्या हिब्रू मुळाची. त्यांच्या पिढीला दैनंदिन व्यवहाराचे कागद दुय्यम वाटले, आणि त्यांतले पुष्कळसे पेट्यांमध्ये तसेच पडून राहिले. गोइटाइन यांनी आपली शेवटची पस्तीसेक वर्षं दिली ती या दुय्यम कागदांना.

पण ते तिथे पोचले पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य जणू त्याच कामाची तयारी होती. जन्म ३ एप्रिल १९०० चा, बव्हेरियातल्या बुर्गकुनश्टाट या लहान गावी. वडील रब्बी, घराणं मूळचं हंगेरीचं. मुलगा चौदा वर्षांचा असताना वडील गेले. फ्रँकफुर्टला योझेफ होरोवित्स यांच्याकडे अरबी आणि इस्लामचा अभ्यास झाला. प्रबंधासाठी त्यांनी घेतलेला विषय होता कुराणातली प्रार्थना. तेविसाव्या वर्षी ते पॅलेस्टाइनला निघाले तेव्हा त्याच जहाजावर गेर्शोम शोलेम होते. ज्यू गूढवादाच्या अभ्यासाला पुढे ज्यांनी नवं वळण दिलं तेच हे शोलेम. हैफाच्या शाळेत काही वर्षं मास्तरकी, मग १९२८ पासून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात अध्यापन, आणि १९३८ ते १९४८ ब्रिटिश अमदानीत शाळा तपासणीचं काम. शिवाय १९२७ मध्ये त्यांनी ‘पुलसेलिना’ नावाचं एक हिब्रू नाटक लिहिलं होतं.

हे नाटक त्यांच्या चरित्रातला बाजूचा तपशील म्हणून सांगितलं जातं, पण मला ते मुख्य प्रवाहातलं वाटतं. त्यांच्या ग्रंथात कुठलंही प्रकरण उघडा, माणसं आपली आपण बोलायला लागतात. लेखक दोन वाक्यांत जागा सांगतो, वेळ सांगतो, आणि बाजूला होतो. जवसाच्या धाग्याच्या व्यापाराची माहिती देताना तो नाहराय बेन निस्सीम या व्यापाऱ्याला समोर आणतो. नाहराय अकराव्या शतकात कैरवानहून येऊन फुस्तातला स्थायिक झाला. त्याच्या दप्तरातली तीनशेच्या वर पत्रं आपल्यापर्यंत आली आहेत. धाग्याचे भाव, जहाजांची वाट, उधारीची बोलणी हे सगळं आपण नाहरायला आलेल्या चिडक्या, आर्जवी, थकलेल्या पत्रांतून ऐकतो. वाचता वाचता हा माणूस तरुणाचा प्रौढ होतो, प्रौढाचा म्हातारा होतो, लोक त्याच्याकडे सल्ला मागायला लागतात. अर्थव्यवस्थेवरचं प्रकरण आणि एका माणसाचं आयुष्य एकाच मजकुरातून पुढे सरकतं.

खंडांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. पहिला खंड १९६७ चा, आर्थिक पाया. दुसरा १९७१ चा, समाज आणि त्याचा कारभार. तिसरा १९७८ चा, कुटुंब. चौथा १९८३ चा, रोजचं जगणं: घरं, कपडे, दागिने. पाचवा १९८८ चा, व्यक्ती. आधी बंदर आणि बाजार, मग पंचायत आणि धर्मादाय, मग घराचा उंबरा, मग घरातली चीजवस्तू, आणि शेवटी माणसाचं मन. राजे आणि लढाया पार्श्वभूमीला आहेत. फातिमी खलिफांची नावं येतात, पण ती मुख्यतः एखाद्या कराराची तारीख ठरवायला किंवा एखाद्या जुलमाचं कारण सांगायला. शतकांचा हिशेबही ठळक नाही: दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा काळ एक सलग वर्तमान असावा तसा पसरलेला आहे. इतिहासकाराला ही उणीव वाटू शकते. वाचक म्हणून मला त्यात एक ठाम निवड दिसते. माणूस कळायचा तर आधी त्याचा धंदा, त्याचं देणंघेणं, त्याची बायको, त्याचं अंथरूण कळलं पाहिजे, मग त्याची श्रद्धा आणि त्याचं मृत्यूचं भय. मन सगळ्यात शेवटी, कारण त्याला पोचायची वाट या बाकी सगळ्यातून जाते.

पहिल्या खंडातली कारागिरांची गणना हा या पद्धतीचा उत्तम नमुना. हातकामाचे अडीचशेहून अधिक धंदे त्यांनी कागदांतून हुडकून काढले. आकडा सांगून दुसरा कोणी पुढे गेला असता. गोइटाइन थांबतात, कोण कोणाच्या दुकानात भागीदार होता, कोणत्या कामाला बायका होत्या, कोणत्या कारागिराला दुसऱ्या गावी जाऊन पोट भरावं लागलं हे पाहतात. यादी वाचताना कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक धंद्यामागे निदान एक तरी माणूस कुठल्या तरी कज्ज्यात, कर्जात किंवा लग्नात सापडलेला आहे.

या सगळ्यात त्यांना सर्वात मोठं यश आलं ते बायकांच्या बाबतीत, असं माझं मत आहे. दलाली करणारी वुहशा ही त्याची साक्ष. तिचं खरं नाव करीमा, अम्मारची मुलगी. अकराव्या शतकाच्या शेवटी फुस्तातमध्ये ती स्वतःच्या हिमतीवर धंदा करत होती. नवऱ्यापासून ती वेगळी झाली, पुढे हस्सून नावाच्या माणसापासून तिला मुलगा झाला, आणि हे नातं समाजाच्या दृष्टीने लग्न नव्हतं. प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी ती इराकी सिनेगॉगमध्ये गेली तेव्हा तिला तिथून बाहेर काढण्यात आलं. तिचं मृत्युपत्र सापडलं आहे. त्यात तिने मुलाची सोय लावली, त्याला शिकवायला कोण ठेवायचा ते सांगितलं, आपल्या अंत्ययात्रेचा खर्च बांधून दिला, हस्सूनला वाटा नाही असं बजावलं, आणि सिनेगॉगांना दान ठेवलं. त्या दानात तिला जिथून बाहेर काढलं होतं ती जागाही होती.

हे मृत्युपत्र गोइटाइन ज्या रीतीने वाचतात ती रीत शिकण्यासारखी आहे. ते वुहशाला बंडखोर ठरवत नाहीत आणि पतितही ठरवत नाहीत. रकमा वाचतात. कोणत्या कलमानंतर कोणतं कलम आलं ते पाहतात. दुसऱ्याच एका कज्ज्यात साक्षीदारांनी तिच्याबद्दल काय सांगितलं ते शेजारी आणून ठेवतात. आणि या सगळ्यातून एक बाई आपल्यापुढे उभी राहते, हिशेबी, मानी, समाजाने बाहेर काढलं तरी त्या समाजातली आपली जागा न सोडणारी. तिच्या तोंडी त्यांनी एकही कल्पित वाक्य घातलेलं नाही. एवढा संयम कादंबरीकाराला जमत नाही, त्याने तो बाळगायचंही कारण नाही. पण इथे तो आहे म्हणून वुहशावर आपला विश्वास बसतो.

हे कान त्यांना कुठून मिळाले? याचं उत्तर त्यांच्या येमेनच्या अभ्यासात आहे. जेरुसलेमला आलेल्या येमेनी ज्यूंच्या सहवासात गोइटाइन यांनी अनेक वर्षं घालवली. त्यांची बोली टिपली, म्हणी गोळा केल्या, कथा प्रसिद्ध केल्या, हायिम हबशूश या येमेनी माणसाचं प्रवासवर्णन संपादित केलं. १९४९ मध्ये येमेनचे हजारो ज्यू एडनच्या छावणीतून विमानाने इस्रायलला जात होते, तेव्हा ते एडनला गेले होते. येमेनी बायकांची गाणी ऐकून त्यांना हिब्रू बायबलकडे वेगळ्या दृष्टीने पाहता आलं. विजयगीत, विलाप, प्रेमगीत असे कितीतरी प्रकार मुळात बायकांनी घडवले असावेत असं त्यांनी एका निबंधात मांडलं. माणूस पुस्तकी भाषाशास्त्रातच अडकला असता तर ‘कुटुंब’ या तिसऱ्या खंडात नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांतला लटका राग आणि खरा राग त्याला वेगळा ओळखता आला नसता. एका येमेनी आजीच्या बोलण्यातली अरबी आणि बाराव्या शतकातल्या पत्रातली अरबी यांच्यातला धागा त्यांच्या कानाला लागला होता.

आता एका पत्राजवळ थोडं थांबतो. १९७३ मध्ये गोइटाइन यांनी मध्ययुगीन ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांची एक निवड इंग्रजीत प्रसिद्ध केली. तिच्यात तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून डेव्हिड नावाच्या तरुण व्यापाऱ्याने फुस्तातच्या थोरल्या भावाला लिहिलेलं पत्र आहे. थोरला भाऊ म्हणजे मोशे बेन मैमोन, ज्याला जग मायमोनिडीझ म्हणून ओळखतं. डेव्हिड कूसहून वाळवंट ओलांडून आला आहे, काफिल्याची सोबत सोडून निघण्याचा अविचार त्याने केला होता आणि तो थोडक्यात वाचला. ऐधाबच्या बाजारात घेण्यासारखं काही नाही. म्हणून तो हिंदुस्थानला जाणार आहे. वाळवंटातून ज्याने तारलं तो समुद्रातूनही तारील, काळजी करू नका, माझ्या बायकोला धीर द्या, असं तो कळवतो. परतीचा काफिला सुटायच्या घाईत लिहिलेलं हे पत्र आहे.

बहुधा याच प्रवासात डेव्हिड बुडाला. मायमोनिडीझने पुढे एका पत्रात लिहून ठेवलं आहे की त्या दुःखाने तो वर्षभर अंथरुणाला खिळला होता, आणि कित्येक वर्षांनीही भावाचं हस्ताक्षर समोर आलं की त्याचं काळीज हलत असे. गोइटाइन ही दोन्ही पत्रं शेजारी ठेवतात आणि फार कमी बोलतात. वाचकाने काय पाहावं ते मात्र त्यांच्या मांडणीतून कळतं. डेव्हिडचं पत्र धाकट्या भावाचं आहे: आधी आपली चूक कबूल करायची, मग ती किती गंभीर होती ते सांगायचं, मग निभावलं ना, मग आता पुढे जाऊ द्या. थोरल्याची परवानगी मागायला वेळ नाही म्हणून तो परवानगी गृहीत धरतो. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एवढी जागा व्यापणारा मायमोनिडीझ इथे फक्त घरी वाट पाहणारा, धाकट्याच्या बायकोची समजूत काढणारा दादा आहे. त्याच्या ग्रंथांवर शेकडो पुस्तकं आहेत, पण त्याचं घर मला या एका कागदातून दिसलं.

पाचव्या खंडाच्या अखेरीला काही व्यक्तिचित्रं आहेत, आणि त्यांत मायमोनिडीझचा मुलगा अब्राहम आहे. ज्यू समाजाचा प्रमुख, सुलतानाच्या दवाखान्यात वैद्य, आणि मनाने मुस्लिम सूफींच्या साधनेकडे ओढला गेलेला भाविक. त्याच्या हाताचे कितीतरी कागद गेनिझात आहेत: कोणाला किती मदत द्यावी याचे बारके हुकूम, तक्रारींवरची उत्तरं. गोइटाइन यांचा त्याच्यावर उघड जीव आहे. मोठ्या आध्यात्मिक ओढीचा माणूस रोज सकाळी गरिबांच्या याद्या तपासतो आहे, हे चित्र त्यांनी फार मायेने काढलं आहे.

ही माया कधी कधी त्यांच्या नजरेवर पडदाही टाकते, हे सांगायला हवं. फुस्तातचा समाज त्यांना मोकळा, उद्यमी, कायद्याला मानणारा दिसतो. १९५७ मध्ये ते जेरुसलेम सोडून पेनसिल्व्हेनियाला गेले आणि पुढे प्रिन्स्टनला स्थिरावले, आणि त्यांच्या मध्ययुगीन व्यापाऱ्यांवर विसाव्या शतकातल्या अमेरिकेची थोडी छाया पडली आहे असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला. ज्यूंच्या कागदांवरून साऱ्या भूमध्य समाजाबद्दल कितपत बोलावं हा प्रश्नही रास्त आहे. मला जास्त जाणवतं ते गुलामांबद्दल. महदियाहून मंगळुरात येऊन राहिलेला अब्राहम बेन यीजू तिथे पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवत होता. १७ ऑक्टोबर ११३२ रोजी त्याने आशू नावाच्या दासीला मुक्त केलं. तिच्यापासून त्याला मुलं झाली. आशूच्या हातचा किंवा तोंडचा एक शब्दही कुठे नाही. वुहशा जशी कलमांमधून वाचता आली तशी आशू वाचता येत नाही, आणि ग्रंथ त्या शांततेजवळ हवा तितका थांबत नाही. बेन यीजूचा गुलाम बोम्मा याच्या मागावर पुढे अमिताव घोष निघाले. त्यांचं ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ हे पुस्तक १९९२ मध्ये आलं. गोइटाइन यांनी लावून दिलेल्या कागदांशिवाय ते लिहिलं गेलं नसतं.

बेन यीजूचीच दुसरी बाजू मात्र गोइटाइन यांनी अतिशय सुंदर उलगडली आहे. सतरा-अठरा वर्षं हिंदुस्थानात काढून तो ११४९ मध्ये एडनला परतला. त्याच्या कानावर आलं होतं की सिसिलीच्या राजाने महदिया घेतलं. भाऊ-बहीण जिवंत आहेत का, कुठे आहेत, काहीच ठाऊक नाही. ११ सप्टेंबरला त्याने भावंडांना पत्र लिहिलं: मी सुखरूप आलो आहे, सर्वांना पुरेल एवढं माझ्याकडे आहे, तुम्ही या, माझी मुलगी भावाच्या किंवा बहिणीच्या मुलाला देईन, परक्याला नाही. हे पत्र वाचलं की कारखाना, सुपारी, मिरी, पितळ हे सगळं बाजूला पडतं. इतकी वर्षं परदेशात काढलेल्या माणसाला आता आपल्या रक्ताच्या माणसांत जायचं आहे. पुढे एका भावाने त्याला फसवलं, तेही कागदांतून कळतं. शेवटी मुलीचं लग्न दुसऱ्या भावाच्या मुलाशी झालं. हे दुवे सांधायला वेगवेगळ्या ग्रंथालयांत विखुरलेले तुकडे एकत्र आणावे लागले. कुठे पत्राचा वरचा भाग, कुठे खालचा, कुठे त्याच कागदाच्या पाठीवर बेन यीजूने स्वतः लिहिलेला हिशेब.

गंमत अशी की गोइटाइन यांचा मूळ बेत हिंदुस्थानच्या व्यापाराचाच होता. पन्नास साली ज्या कागदांनी त्यांना या वाटेला लावलं त्यांत लेबदी नावाच्या व्यापाऱ्याच्या गुजरातेतल्या, अणहिलवाडच्या सफरीवरून झालेल्या कज्ज्याची नोंद होती. आठेक वर्षं ते या ‘इंडिया बुक’मागे होते. मग लक्षात आलं की हिंदुस्थानला जाणारा हा माणूस मुळात भूमध्य समुद्राकाठचा आहे, त्याचं घर, त्याचा धर्म, त्याचे भागीदार तिकडचे, ते कळल्याशिवाय त्याची सफर कळायची नाही. १९५८ मध्ये त्यांनी हिंदुस्थान बाजूला ठेवला. पाचवा खंड छापायला देऊन ६ फेब्रुवारी १९८५ रोजी ते प्रिन्स्टनला वारले, तेव्हाही तो बाजूलाच होता. त्यांचे शिष्य मॉर्डेकाय फ्रीडमन यांनी तो ग्रंथ पुरा केला आणि २००८ मध्ये ‘इंडिया ट्रेडर्स ऑफ द मिडल एजेस’ या नावाने तो आला. गोइटाइन यांनी हाताने लिहिलेली सुमारे २७,००० टिपणांची कार्डं आता प्रिन्स्टनच्या गेनिझा प्रयोगशाळेने संगणकावर उपलब्ध करून दिली आहेत.

मराठी वाचकाने पाच खंडांचा डोंगर पाहून घाबरू नये. सुरुवात १९७३ च्या पत्रांच्या निवडीपासून करावी. तिथून तिसऱ्या खंडाकडे जावं, तो पाचांत सगळ्यात जिवंत आहे, आणि मग पाचव्याकडे. पहिला खंड त्यानंतर हाती घेतला तर जवसाचा धागा आणि रेशीम यांच्या भावांमागची माणसं ओळखीची झालेली असतील. ज्याला कोकण-मलबार किनाऱ्याची ओढ आहे त्याने ‘इंडिया ट्रेडर्स’ सरळ उघडावं. त्यात मदमून हा एडनचा बडा व्यापारी बेन यीजूला लिहितो की सूस, किनाबती आणि इसहाक बनिया यांना माझा सलाम सांगा आणि आपण मिळून एक जहाज काढू का ते विचारा. हे बेत, या भागीदाऱ्या, हे सलाम त्या पुस्तकात पानोपानी आहेत.